कब कॅडेट १०० ला दुसऱ्या गाडीचा ४२ इंची मोअर डेक बसवायचाय, गणित तपासून द्या

मुळशीकर_बागवान (प्रश्न)

मंडळी, आधी मापं देतो, मग प्रश्न.

ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १००, म्हणजे १९६३ ते ६५ मधला. इंजिन कोहलर के-२४१, १० हॉर्सपॉवर, ३६०० आरपीएम. इंजिन, गिअर, पुढचा पीटीओ क्लच (इंजिनाची ताकद डेकला जोडणारा-सोडणारा) सगळं ठीक चालतंय. मूळ डेक (ट्रॅक्टरखालचा, गवत कापणारी पाती असलेला पत्र्याचा सांगाडा) नाही. समोरची म्यूल ब्रॅकेट (उभा येणारा बेल्ट आडवा वळवणाऱ्या दोन पुल्यांची चौकट) आहे, पण तिच्या दोन्ही पुल्या जाम आहेत.

मिळालेला डेक उभ्या शाफ्टच्या इंजिनवाल्या लॉन ट्रॅक्टरचा आहे. ४२ इंची, दोन पाती, प्रत्येक पातं ५४६ मिमी. डाव्या स्पिंडलवर (पातं फिरवणाऱ्या उभ्या शाफ्टवर) दुमजली पुली: वरच्या खाचेत इंजिनाकडून येणारा बेल्ट, खालच्या खाचेतून उजव्या स्पिंडलला दुसरा बेल्ट. पीटीओ पुलीचा बाहेरचा व्यास १२७ मिमी, डेकवरच्या तिन्ही खाचांचा १०२ मिमी. खाचेची वरची रुंदी सगळीकडे १३ मिमी.

विचार असा की म्यूलमधून बेल्ट थेट डाव्या स्पिंडलच्या वरच्या खाचेत न्यायचा. ३६०० गुणिले १२७ भागिले १०२ म्हणजे पात्याला साधारण ४४८० आरपीएम मिळतात. वेग जास्त तर कट साफ, असं धरून चाललोय. जागा मुळशीच्या बाजूला दोन एकर, बरीचशी हरळी, कडेला कुसळी गवत, खाली मुरूम.

विचारायचंय ते असं: पाती बरोबर दिशेने फिरतील का, बेल्ट कुठला घ्यावा, आणि डेक लटकवण्यासाठी पत्र्यावर थेट कान वेल्ड केले तर चालतील का?

पट्टा_पुली

थांबा, ४४८० वर हा डेक एकदासुद्धा फिरवू नका. दिशा, बेल्ट वगैरे नंतर बघू.

पात्याच्या बाबतीत आरपीएमला अर्थ नसतो, टोकाच्या वेगाला असतो. अमेरिकेच्या एएनएसआय बी७१.१ या मानकात ही मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे सेकंदाला ९६.५ मीटर. सूत्र सोपं: ३.१४ गुणिले पात्याची लांबी मीटरमध्ये गुणिले आरपीएम, भागिले ६०.

पुलीचा बाहेरचा व्यास गणितात घालायचा नाही. ए सेक्शनचा (१३ मिमी रुंदीचा) व्ही-बेल्ट खाचेत बसतो तेव्हा जो व्यास खरं काम करतो तो बाहेरच्यापेक्षा साधारण ६ मिमी कमी असतो. म्हणून १२७ चे १२१ धरा आणि १०२ चे ९६. आता ३६०० × १२१ ÷ ९६ = ४५३७ आरपीएम. टोकाचा वेग येतो सेकंदाला जवळजवळ १३० मीटर. मर्यादेच्या पार पलीकडे.

चूक डेकची नाही, तुमचीही नाही. अशा डेकच्या मूळ गाडीत इंजिनावरची पुली लहान असते. साडेतीन इंची, म्हणजे ८९ मिमी धरली तर कामाचा व्यास ८३, आणि ३६०० वर पात्याला ३११३ आरपीएम, टोकाला ८९ मीटर. म्हणजे डेक त्याच्या जागी बरोबर होता. कब कॅडेटची पीटीओ पुली मोठी, तिथे सगळं बिघडतं. ३११३ चे ४५३७ झाले की पात्यातली ऊर्जा दुपटीहून वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. मुरमाचा खडा लागून पात्याचा तुकडा उडाला तर जुन्या पत्र्याने तो अडवावा ही अपेक्षा फार झाली.

तीन पात्यांच्या ४२ इंची डेकमध्ये पातं साधारण साडेचौदा इंचांचं असतं. तिथे ४२०० आरपीएम चालतात आणि लागतातही. लोक तो आकडा ऐकून दोन पात्यांच्या डेकला लावतात, घोळ तिथून सुरू होतो.

दुसरी गोष्ट याहून अडचणीची. डावं स्पिंडल ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून साधारण १० इंच डावीकडे असणार. म्यूल मधोमध. म्यूलपासून स्पिंडलपर्यंत अंतर समजा ३० इंच. म्हणजे ३० इंचांत १० इंच तिरकं, सुमारे १८ अंश. व्ही-बेल्टला एखादा अंश तिरकेपणाही खपत नाही. पहिल्याच दाट गवतात बेल्ट उलटेल, नाहीतर खाचेतून उडेल. म्यूल सरकवून हे सुटत नाही, कारण मग पीटीओकडची रेषा बिघडते.

दोन्हीवर एकच उपाय: डेकवर मध्यरेषेत एक मधला शाफ्ट उभा करा. त्यावर दोन पुल्या, वरची म्यूलकडून येणाऱ्या बेल्टसाठी, खालची दोन्ही स्पिंडल फिरवणाऱ्या बेल्टसाठी. वरची पुली ६ इंची (बाहेरून १५२, कामाची १४६) घेतलीत तर ३६०० × १२१ ÷ १४६ = २९८४ आरपीएम. खालची पुली स्पिंडलच्याच मापाची, १०२ ची. म्हणजे पात्यालाही २९८४, टोकाला ८५ मीटर. थ्रॉटल थोडा कमी करून ३४०० वर चालवलंत तरी ८० च्या वर राहतो. हरळीला एवढं भरपूर.

साडेपाच इंची पुलीने ३६०० ला ९३ मीटर मिळेल. मर्यादेत बसतं, पण गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) सैल असला आणि इंजिन ३८०० ला गेलं की बाहेर. ६ इंचीच घ्या. ती बाजारात पटकन मिळतेही.

भोसरी_लेथ

वरच्या उत्तराशी सहमत. मधला शाफ्ट कसा करायचा ते मी लिहितो.

घरचं हाऊसिंग बनवायच्या भानगडीत पडू नका. दोन बोल्टचं फ्लँज युनिट यूसीएफएल २०४ घ्या, बोअर २० मिमी, नाना पेठेत बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल. दोन लागतील: एक डेकच्या पत्र्यावर, दुसरं त्याच्या वर ६ मिमी जाडीच्या पट्टीच्या पुलावर. पुल्या दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये ठेवा. एकाच बेअरिंगवर शाफ्ट उभा करून वर दोन पुल्या टांगल्या की शाफ्ट झुलतो, बेल्ट एका बाजूने झिजतो आणि दोष बेल्टवर येतो.

शाफ्ट ईएन-८ पोलादाचा, २० मिमी, पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून ६ मिमीची चावी. पुल्या बिडाच्या चालतील. १५२ मिमीच्या पुलीचा कडेचा वेग २९८४ आरपीएमला सेकंदाला २४ मीटरच्या आत राहतो, बिडाला ते झेपतं. जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी गेलात तर, पाऊण इंची बोअरच्या पुल्या हमखास दिसतील. पाऊण इंच म्हणजे १९.०५. तशी मिळाली तर बोअर वाढवून २० करा, शाफ्ट उतरवू नका. आणि बोअर करताना पुली खाच धरून सेंटर करायला सांगा, हबवर नाही. जुन्या पुल्यांचं हब आणि खाच एका केंद्रावर असतीलच असं नाही.

शाफ्टची जागा ठरवताना एक चूक सगळे करतात: दोन स्पिंडलच्या बरोबर मधे, त्याच रेषेत शाफ्ट लावतात. तिन्ही पुल्या एका रेषेत आल्या की मधलीला बेल्ट नुसता घासून जातो, पकड शून्य. मधला शाफ्ट त्या रेषेच्या ५ ते ६ इंच पुढे घ्या म्हणजे त्रिकोण होईल. शिवाय बेल्टच्या पाठीवर दाबणारी एक सपाट आयडलर पुली, स्प्रिंगवर, अशा जागी लावा की मधल्या पुलीवरची मिठी वाढेल. तिन्ही व्ही-पुल्या बेल्टच्या आतल्या बाजूला असल्याने एकाच दिशेने फिरतील.

डेक वाहनाखाली सर्वांत वर उचललेला असताना शाफ्टचं वरचं टोक आणि ट्रॅक्टरची चासी यांत २५ मिमी मोकळं हवं. आधी पुठ्ठ्याच्या पुल्या कापून बघा. हसू नका, पुठ्ठा फुकट असतो.

आता स्पिंडल. जुनी बेअरिंगं काढलीत का? त्यांचा नंबर काय आहे?

मुळशीकर_बागवान

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. १३० मीटरचा आकडा बघून पाती आधी काढून बाजूला ठेवली.

बेअरिंगवर ६२०३ वाचता येतं, पुढचं पुसलंय. दुकानातून नवीन ६२०३-२आरएस (दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली) आणली, हाऊसिंगमध्ये नीट बसली, पण शाफ्टवर सैल. जवळजवळ १ मिमीचा खेळ आहे. शाफ्ट इतका झिजला असेल का? पितळी बुश घालून चालेल?

भोसरी_लेथ

शाफ्ट झिजलेला नाही, तो इंची आहे. मायक्रोमीटर लावा, १५.८८ च्या आसपास दाखवेल, म्हणजे पाच-अष्टमांश इंच. अमेरिकन डेकमध्ये ही बेअरिंग बाहेरून ४० मिमी पण आतून पाच-अष्टमांशची येते. तिचा नंबर ६२०३-१०. पुसलेला आकडा तोच असणार. साधी ६२०३ आतून १७ ची.

बुश नको. १७ वजा १५.८८ म्हणजे बुशची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जाड. ती फिरणार, मग शाफ्टही खाणार. एकतर ६२०३-१० मागवा, नाहीतर ईएन-८ मध्ये १७ मिमीचे नवे शाफ्ट करा. बेअरिंगची बैठक १७ वर १ ते १२ मायक्रॉन जास्त ठेवायला सांगा, म्हणजे आतली रिंग शाफ्टला धरून बसेल. दुसरा मार्ग माझ्या मते बरा, कारण पुढच्या वेळी बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. पुलीचं बोअर आणि पात्याच्या टोकाचा आकार मात्र जुन्या शाफ्टवरून जसाच्या तसा उतरवा.

दोन बेअरिंगांच्या आतल्या रिंगांमध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. जुनी माणसं उघडताना तो हरवतात आणि तसंच जोडतात. स्पेसर नसला की पात्याचा बोल्ट आवळल्यावर दोन्ही बेअरिंगं आतून एकमेकांकडे ओढली जातात, दहा मिनिटांत हाऊसिंगला हात लावता येत नाही. स्पेसरची लांबी हाऊसिंगमधल्या दोन खांद्यांच्या अंतराइतकी हवी, कमी तर मुळीच नको. बसवल्यावर बोल्ट पूर्ण आवळून स्पिंडल बोटाने फिरवा. आवळण्याआधी फिरत होतं आणि नंतर जड झालं, तर स्पेसर आखूड आहे.

म्यूलच्या पुल्या जाम आहेत म्हणालात. त्यांच्यात बेअरिंग बदलता येत नसेल तर नव्या घ्या, पण ३ इंचांहून लहान नको. ए बेल्टला त्याहून लहान वळण दिलं की तो आतून तडकतो.

पट्टा_पुली

दिशेचं राहिलं होतं. के-मालिकेचं इंजिन पीटीओच्या टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. कब कॅडेटमध्ये ते टोक समोर असतं, म्हणून ट्रॅक्टरसमोर उभे राहून बघा. पीटीओ पुलीची तुमच्या डाव्या हाताची, म्हणजे ट्रॅक्टरची उजवी बाजू खाली जाते. बेल्टचा तो पदर उजव्या म्यूल पुलीखालून मागे डेककडे जातो आणि डाव्या बाजूने परत येतो. वरून बघितलं तर मधला शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरला. उभ्या शाफ्टचं इंजिनही डेक त्याच दिशेने फिरवतं, त्यामुळे तुमची पाती, त्यांच्या पाठीमागची वर वळलेली कड आणि उजवीकडचं तोंड, सगळं जुळतं. बेल्टला आडवी गाठ मारू नका. तरी खात्री म्हणून पाती न लावता, खडूने पुलीवर खूण करून, स्टार्टर क्षणभर मारून बघाच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पीटीओ पुलीतून बाहेर पडणारा पदर, म्हणजे उजवा, हा सैल. डावा पदर ओढीचा. स्प्रिंगची म्यूल पुली उजवीकडेच हवी, डावी पक्की. उलट लावलीत तर मोकळं फिरताना सगळं छान दिसेल, आणि दाट गवतात ओढ वाढली की तीच ओढ स्प्रिंग उघडेल, बेल्ट ढिला पडून जळेल. मग माणूस आणखी कडक स्प्रिंग आणतो आणि पुढच्या क्रॅंकच्या बेअरिंगची वाट लागते.

बेल्ट: खाच वरून १३ मिमी, म्हणजे ए सेक्शन. जुन्या अमेरिकन पुस्तिकेत ४एल असं लिहिलेलं दिसेल. तिथला आकडा बाहेरच्या लांबीचा, इंचाच्या दहाव्या भागात. आपल्याकडच्या ए बेल्टवर आतली लांबी इंचात. फरक २ इंचांचा. ४एल-७०० म्हणजे ए-६८. लांबी काढायला सुतळी वापरू नका, ती ताणते. पातळ बाइंडिंग वायर बेल्टच्या वाटेने बाहेरून फिरवा, डेक मधल्या उंचीवर ठेवून, स्प्रिंग पुली तिच्या प्रवासाच्या एक तृतीयांशावर धरून. समजा १०४ इंच आली, तर ए-१०२ मागा.

मोअरसाठी अरामिड दोऱ्याचा बेल्ट मिळाला तर उत्तम, कारण हा बेल्ट जाता-येता दोनदा पिळला जातो. साधा ए बेल्टही चालतो, कारण कब कॅडेटमध्ये बेल्ट ढिला करून नाही तर पीटीओ क्लचने डेक सोडवतात. फक्त क्लच पूर्ण थ्रॉटलवर लावू नका. अर्ध्यावर लावा, पाती फिरू लागली की वाढवा.

रेषा तपासायला ओळंबा पुरतो. पीटीओ पुलीच्या उजव्या खाचेतून ओळंबा सोडला की दोरी उजव्या म्यूल पुलीच्या पुढच्या कडेच्या खाचेत पडली पाहिजे. डावीचं तसंच. मग म्यूलच्या खालच्या खाचेपासून मधल्या शाफ्टच्या वरच्या पुलीपर्यंत दोरी ताणा, डेक कापायच्या उंचीवर असताना ती समतल हवी. डेक वर उचलल्यावर रेषा बिघडणारच. म्हणून रस्ता ओलांडताना, डेक वर घेतलेला असताना, पीटीओ बंद.

चासी_कान_खीळ

लटकवण्याबद्दल कोणी बोललंच नाही. पत्र्यावर थेट कान वेल्ड करू नका. अडीच-तीन मिमीचा पत्रा, कित्येक पावसाळ्यांचा गंज, ओल्या गवताने आतून खाल्लेला. वेल्ड धरेल, पण चीर वेल्डच्या कडेला पडेल. तिथे पत्रा कडक झालेला असतो आणि सगळा हादरा तिथेच येतो.

आधी पत्रा आतून खरवडा. हातोडीच्या टोकाने ठोका. जिथे टणटण न वाजता बद आवाज येतो तिथे गंज आरपार आहे. प्रत्येक कानाच्या जागी आतून ५ मिमीची पट्टी, किमान १०० बाय ७५, आणि वरून कानाची प्लेट, मधे पत्रा, असे चार एम-१० बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटासह. बोल्टचं डोकं आत, नट वर. नट खाली ठेवलेत तर गवत अडकून गोळा होतो आणि पात्याच्या अगदी जवळ येतो.

डेक नुसता साखळीवर टांगायचा नाही. बेल्टची ओढ त्याला पुढे खेचते, गवताचा विरोध मागे ढकलतो. पुढे-मागे हलू न देणाऱ्या दोन लांब आर्म हव्यात, किमान ३०० मिमी, दोन्ही सारख्या लांबीच्या आणि समांतर. आखूड आर्म ठेवल्या की डेक उचलताना नाक वर करतो आणि वरून बेल्ट ताणतो. मागे लिफ्टच्या दांड्याला जोडताना पिनसाठी गोल भोक न ठेवता उभी खाच ठेवा, १५ मिमीची, म्हणजे उंचवट्यावर डेक स्वतःहून वर जाईल.

समतल करायच्या आधी चारही टायरची हवा बघा. लोक तासभर डेक जुळवतात आणि मागचं एक टायर बसलेलं असतं. पात्याच्या टोकापासून जमीन मोजा: डावं-उजवं ३ मिमीच्या आत, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ५ मिमी खाली. पुढचं वर राहिलं तर पातं तेच गवत मागे पुन्हा कापतं, ताकद वाया आणि हरळीची टोकं फाटून दुसऱ्या दिवशी पिवळी.

एकाच जागी मोजून पातं अर्धा फेरा फिरवा आणि दुसऱ्या टोकाने मोजा. ३ मिमीहून जास्त फरक आला तर पातं किंवा शाफ्ट वाकलाय. पातं काढून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून लावलं आणि पुन्हा मोजलं की दोघांपैकी कोण ते कळतं.

मुळशीकर_बागवान

शेवटचं. पुढच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तुटलंय. आणि पावसात काय? जुलैमध्ये गवत गुडघ्याला लागतं.

चासी_कान_खीळ

उजवीकडचं तोंड म्हणताय ना? झाकण लावल्याशिवाय पाती लावूच नका. प्लास्टिक नसेल तर ३ मिमीचा पत्रा वाकवून बिजागरीवर, स्प्रिंगने खाली बसणारा, किंवा ट्रकच्या मडगार्डचा जाड रबरी पट्टा. मुरमाचा खडा टोकाला लागला तर तो याच बाजूने सुटतो. चालू असताना उजवीकडे कोणी नको, मळेवाला असो की पोरं.

गुडघाभर ओलं गवत एका फेरीत कापायचं काम दहा हॉर्सपॉवरचं नाही. पहिली फेरी डेक सगळ्यात वर, पहिल्या गिअरमध्ये आणि निम्म्या रुंदीने. दोन दिवसांनी दुसरी फेरी खाली. इंजिन दबलं म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नका, के-२४१ चा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे, तो ३६०० च्या वर नेल्याचा राग ब्लॉकवर काढतो.

काम झालं की डेक आतून लाकडी फळीने खरवडा. प्रेशरचं पाणी स्पिंडलवर मारलं तर २आरएसचं रबरसुद्धा पाणी अडवत नाही.

भोसरी_लेथ

पहिली चाचणी पाती न लावता, अर्ध्या थ्रॉटलवर दहा मिनिटं. बंद करून दोन्ही स्पिंडल आणि मधल्या शाफ्टच्या हाऊसिंगला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. मग पूर्ण थ्रॉटलवर मधल्या पुलीला चमकती पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने आरपीएम घ्या. ३००० च्या आसपास हवेत. ३२०० च्या वर दिसले तर पुलीचं माप किंवा गव्हर्नर चुकलाय, पाती लावायच्या आधी तो शोधा.

पात्याला धार लावल्यावर मधल्या भोकातून खिळा घालून ते आडवं धरा. जी बाजू खाली जाईल तिच्या टोकाच्या मागच्या कडेवरून ग्राइंड करा, धारेवरून नाही. यूसीएफएलच्या ग्रब स्क्रू (बेअरिंग शाफ्टला घट्ट धरणाऱ्या) पहिल्या तासाभराने पुन्हा आवळा, एकदा त्या हमखास सैल होतात.